एका तासाचं नागपूर

विमानाचं नाव काढू नका राव. भाचीचं लग्न नागपूरला, अन् मामा मी. फोनवर पाहिलं, संभाजीनगर ते नागपूर, विमानानं एक तास. लगेच ताईला कळवलं, "गाडीत कोण हाडं मोडून घेतंय? एका तासात येतो."

तिकीट काढायला गेलो तर थेट विमानच नाय! पण बोलून बसलो होतो. पहाटे उलटं मुंबईला गेलो, तिथं पाच तास बसलो, मग नागपूरचं विमान धरलं.

शेजारचे काका खिडकीतून खाली बघत म्हणाले, "खाली संभाजीनगर दिसतंय बघा."

म्हटलं, "व्हय, तिथूनच निघालोय सकाळी."

मंडपात पोचलो तर आमच्याच जिल्ह्यातल्या पिशोरचा चुलतभाऊ जीपनं कधीचाच येऊन, मामा म्हणून भाचीमागं उभा राहून, जेवूनही मोकळा झालेला. म्हणाला, "दादा, जाताना माझ्या जीपमधी एक जागा हाय."

जाताना गुमान जीपमधी बसलो.