तिघांनी हाकललेला

फिनिक्सहून मुलानं पत्रात विचारलं होतं, "बाबा, भेटायला येऊ? पण माझ्याकडे कागदपत्रं नाहीत, आलो तर बायकापोरांकडे परत जाता येणार नाही." ते पत्र खिशात घेऊनच मी कामावर आलो. सीमेलगत, मेक्सिकोतल्या नोगालेसला, अमेरिकेनं हाकलून दिलेल्यांना जेवण वाढताना रांगेतल्या दोघांचं बोलणं ऐकू आलं.

"मला तीन राष्ट्राध्यक्षांनी हाकललंय, फाउस्तो."

"त्यातला बरा कोण?"

"पहिला. सकाळी फाटकाबाहेर सोडायचा, संध्याकाळी मी परत तिकडे कामावर."

"दुसरा गोड बोलायचा म्हणे."

"हो, बोटांचे ठसे घेता घेता."

"आणि हा?"

"हा शिव्या देतो. कोठडीत बुटांच्या नाड्या मात्र तिघांनीही काढून घेतल्या."

"मग चौथ्याची वाट बघ की लेका."

"तिकडे पोरगी वाढायची थांबते होय? पहिल्याच्या वेळी रांगत होती, आता दाढीवाल्या पोराबरोबर हिंडते."

वाढणं आटोपून मी मुलाला लिहिलं, "येऊ नकोस. पोरांजवळच राहा." आणि पत्र पेटीत टाकलं.