ऐकणाऱ्यांवर काय परिणाम झाला?

(नाशिक, १९३६. उद्या शाळेच्या प्रिलिमिनरी परीक्षेत इंग्रजीचा पेपर. ओट्यावर साळूबाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आहे. तिचा मुलगा खंडू आणि त्याच्या वर्गातला नियाज समोर पुस्तक घेऊन बसले आहेत.)

नियाज : ...अँड दॅट, जंटलमेन, वी शॅल नॉट फर्गेट. चिअर्स. हिअर, हिअर!

खंडू : थांब, थांब. ते शेवटी काय म्हणालास?

नियाज : पुस्तकात आहे ते म्हणालो. अल्लाकसम, पानच्या पान पाठ आहे. एक शब्द सोडला नाही.

खंडू : अरे येड्या, ते कंसात आहे! पार्लमेंटात साहेब बोलला तेव्हा लोक ओरडले, टाळ्या पिटल्या, असं छापणाऱ्यानं लिहून ठेवलंय. भाषणातलं नाही ते.

नियाज : म्हणजे आठवडाभर मी टाळ्या पाठ करत होतो?

खंडू : आणि काय झकास पाठ केल्यास! वर हातवारेसुद्धा.

साळूबाई : दात काढू नको रं त्याच्यावर. नियाज, पाणी पी बाबा. सकाळधरनं घसा फोडतोयस. आन मला सांग, त्या सायबाचं ऐकून माणसं खरंच वरडली का?

नियाज : छापलंय तर ओरडलीच असतील, मावशी.

साळूबाई : मग गाळायचं कशापायी? वरडायला बी माणसं लागत्यात. भिंतीफुडं बोलला असता तर कुणी छापलं असतं का त्याचं?

नियाज : ऐकलंस? मावशी माझ्या बाजूनं आहेत.

खंडू : आये, तुला कसं वाटलं ते भाषण?

साळूबाई : मला काय कळतंय त्यातलं? पर एक सांगते. कारखान्यात आम्ही बाया वळायला बसतो, तवा कुणी चांगलं बोलाय लागलं, गाणं म्हणाय लागलं, की हात आपसूक थांबत्यात. मुकादम खेकसतो तरी थांबत्यात. तुमच्या सायबाचं चालू व्हतं तवर मी एक जुडी बांधून दुसरी अर्धी केली.

नियाज : गेला बिचारा साहेब. मावशींनी नापास केला.

खंडू : मस्करी पुरे. मास्तरांनी काय सांगितलंय ते लक्षात आहे ना? निबंध एका प्रसिद्ध भाषणावर. भाषण कुणी केलं, कुठं केलं, आणि ऐकणाऱ्यांवर काय परिणाम झाला.

नियाज : लक्षात आहे की. तीन भाषणं करून घेतलीत, त्यातलं एक लिहायचं. तू ते अमेरिकेच्या प्रेसिडेंटचं लिही, लढाईच्या कबरस्तानातलं. छोटं आहे आणि तुला तर उलटंसुद्धा पाठ आहे.

खंडू : पाठ आहे, पण परिणाम काय लिहू? ती माणसं कबरस्तानातून निघाली, घरी गेली, पुढं काय केलं त्यांनी? पुस्तक त्यावर मूग गिळून बसलंय.

नियाज : मग लिही, लोक फार खूश झाले. मास्तर तेच मागतात.

खंडू : मी ते लिहिणारच नाही. मी येवल्याचं लिहिणार.

नियाज : तौबा! खंडू, डोकं ठिकाणावर आहे का?

साळूबाई : येवल्याचं कुठलं?

खंडू : तू ऐकलंस ते. बाबासाहेबांचं.

साळूबाई : गप. काय बी खूळ डोक्यात घेऊ नको.

खंडू : खूळ कसलं? प्रसिद्ध भाषण म्हटलंय ना? त्या भाषणाची बातमी कुठल्या पेपरात आली नाही ते दाखवा मला. मास्तर स्वतः वर्गात वाचत होते.

नियाज : वाचत होते, आणि कपाळाला आठ्या घालून वाचत होते! हे बघ, माझं ऐक. मास्तर पंचवटीतले. काल स्पष्ट बोलले की जादा शहाणपणा कुणी करू नका, करून घेतलेलंच लिहा. उद्या नापास केलं तर मॅट्रिकचा फॉर्म नाही. तुला काय, ‘आ बैल मुझे मार’ करायचंय?

साळूबाई : खरं बोलतंय पोरगं. खंडू, तुझा बाप गेला तवापासनं मी एकच बघत आले, की माझं पोरगं मॅट्रिक व्हनार. आपल्या आळीत कुणाच्या घरात झालं न्हाय. पंचवटीत काळारामाच्या दारात आपण सत्याग्रहाला बसलो, तवा त्या आळीतल्या बाया मला बघूनशान थुकायच्या. तुझा मास्तर तिथलाच. त्याच्या हातात कोलीत कशाला देतोस?

खंडू : तू बसलीस ना पण? थुंकल्या तरी बसलीस. मीच होतो तुझ्या शेजारी, आठवतं का?

साळूबाई : माझं येगळं. माझं काय बुडणार व्हतं? तुझी परीक्षा बुडंल.

खंडू : नाही बुडणार. आये, मला नापास करायचं तर इंग्रजीत चूक काढावी लागेल. आणि तिथं मी मास्तरांना सुई टोचायला जागा ठेवणार नाही. नियाजला विचार, वर्गात पहिला कोण येतो.

नियाज : पहिला हाच येतो, मावशी. ते खोटं नाही. पण खंडू, येवल्याला तू होतास का? नव्हतास. मग तू तरी परिणाम काय लिहिणार? तूही लोक फार खूश झाले असंच लिहिशील.

खंडू : म्हणून तर आयेला विचारायचंय. सांग ना, आये. ऐकलंस, मग पुढं काय केलंस?

साळूबाई : काय करनार? दसऱ्यानंतर गेलो. विंचूरला वळखीच्या रंगूबाईकडं वस्ती केली आन फाटंला चालाय लागलो. येवल्यात ही गर्दी! धूळ ही! मान उंच केली तर पुढल्याचं पागोटं दिसायचं.

खंडू : ते दहा वेळा सांगितलंस. पुढचं सांग. भाषण संपल्यावर?

साळूबाई : माघारी आले.

खंडू : बस? माघारी आलीस?

साळूबाई : तू लय खोदतोस बघ. तुला सांगायचंच नव्हतं मला.

नियाज : मावशी, आता तर सांगाच.

साळूबाई : येताना विंचूरपत्तूर कुणी कुणाशी बोललं न्हाय. एरवी आम्ही बाया गप बसतो व्हय रं? पर डोक्यावर भरली घागर असल्यावानी चालत व्हतो, ऐकलेलं सांडू नाय म्हणून. दुसऱ्या दिशी नाशकात पोचले आन घराकडं वळलेच न्हाय. तडक देवळालीला गेले. बहिरूमामाच्या दारात.

खंडू : मामाकडं? कशाला?

साळूबाई : त्यानं छावणीत तुला काम लावलं व्हतं. गोऱ्यांच्या घोड्यांच्या तबेल्यात. दिवाळी झाली की तुला धाडायचं ठरलं व्हतं. मी व्हय म्हणून बसले व्हते.

खंडू : माझी शाळा सोडवणार होतीस? तू?

साळूबाई : व्हय, मीच. फीचं जमत नव्हतं. म्हणलं, नशिबात न्हाय तर न्हाय. रातीला तू झोपलास की रडायची. तुला कसं सांगू?

खंडू : आये...

साळूबाई : येवल्यात ऐकलं आन आत कायतरी फिरलं बघ. वाटलं, एवढा शिकलेला माणूस आमच्यासाठी उभा ऱ्हातो, सांगतो की असं जगू नका, आन मी माझं पोरगं हातानं तबेल्यात घालू? मामाला म्हणलं, माझा खंडू येनार न्हाय. त्यो म्हणाला, साळू, भाषणानं पोट भरतं का गं? म्हणलं, न्हाय भरत. पोट मी भरते. जादा विड्या वळीन. तुझ्या घोड्यांना दुसरा बघ.

खंडू : आणि मला वाटायचं, दिवाळीपासून हिला एवढा कसला हव्यास सुटलाय विड्यांचा.

नियाज : खंडू.

खंडू : काय?

नियाज : लिही, यार. मघाचं माझं सगळं परत घेतलं. परिणाम काय झाला म्हणून कुणाला विचारतोस? तूच तर बसलायस समोर. मास्तरांनी माझ्या दहा पिढ्या नापास केल्या तरी चालेल, तू हेच लिही.

खंडू : आये, लिहू? तू नको म्हणालीस तर कबरस्तानातलं लिहीन. तुझी शपथ.

साळूबाई : चुका न्हाय ना करनार?

खंडू : एक नाही.

साळूबाई : मग लिही. मामाला व्हय म्हणून बसले व्हते, ते बी लिही. आन माझं नाव येनार असंल तर पुरं लिही. मुकादम निसतं ‘साळी’ लिवतो.

खंडू : पुरं लिहितो. तू वळ, मी शेवट आत्ताच करून टाकतो. नियाज, पेन्सिल दे.

नियाज : घे. आणि ‘हिअर, हिअर’ची जागा सोड.

खंडू : हं. झालं. आये, तुझ्यासाठी मराठीत सांगतो. ऐक. ‘भाषण संपले आणि लोक आपापल्या घरी गेले. त्या लोकांत माझी आई, साळूबाई गोटीराम, ही होती. ती घरी गेली नाही. ती देवळालीला गेली आणि तिने माझी नोकरी मोडली. त्या भाषणाचा सगळ्या देशावर काय परिणाम झाला हे मोठी माणसे लिहितील. माझ्या घरावर झालेला परिणाम असा, की मी आज हा पेपर लिहीत आहे.’

नियाज : चिअर्स! हिअर, हिअर! लाउड चिअर्स!

खंडू : हळू बोल, आळी गोळा होईल.

नियाज : होऊ दे. माझं पाठांतर आज कामी आलं.

खंडू : आये, तुझे हात थांबलेत.

साळूबाई : थांबू दे. पुन्यांदा वाच. आता इंग्रजीतून वाच.