पिशवीतला मिक्सर

महाड स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली होती. माझ्या पुढच्या सीटवर बापलेक बसले. लेक बी.एस्सी.चा शेवटचा पेपर देऊन आली होती. बापाच्या मांडीवर जड पिशवी होती.

"आबा, पिशवीत मिक्सरच ना? आता कुणाचा बिघडला?"

"आधी पेपर कसा गेला ते सांग."

"बरा गेला. पण वाडीत एकदा सांगा, मी फिजिक्स शिकले, मिक्सर रिपेरिंग नाय."

"तरी सगळ्यांचे नीट केलेस ना गो."

"व्हिडिओ बघून! तुम्ही गावभर मोठेपणा सांगून ठेवलेला, मग करते काय?"

"बरं, आता पुढं?"

"मला एम.एस्सी.ला मुंबईला जायचंय. पण आई ऐकतच नाय. बी.एड. कर नि पोलादपूरच्या शाळेत लाग, म्हणते."

"पिशवी उघड."

"अय्या, हा तर नवा हाय! कुणाचा?"

"तुझा. तुझ्या आयशीनं घेतलाय. मुंबईत पोरीला वाटण कोण करून देणार, म्हणाली."

"आई म्हणाली?"

"मी तिला इचारलं, इकडं वाडीतले मिक्सर बिघडले तर?"

"मग?"

"म्हणाली, बिघडू देत. तेवढ्यासाठी तरी घरी येईल."