हिरवं, पिना मारलेलं पुस्तक

एडिनबराच्या कवितांच्या ग्रंथालयात शाळेचा अख्खा वर्ग आला होता. कपाटाआड बसलेल्या म्हाताऱ्या एल्सपेथच्या कानावर दोन मुलींची कुजबुज पडली.

"शोना, सापडलं का गं?"

"नाही ना! हिरवं, पातळसं, पिना मारलेलं आहे. पाठीवर नावसुद्धा नाही."

"बाईंच्या हाती लागलं तर मेलीस! त्यातलीच कविता स्वतःची म्हणून दिलीस ना."

"मला काय ठाऊक बाई इथेच आणतील? मला तर ते आजीच्या खोक्यात मिळालं होतं, इथेही त्याची प्रत असेल असं कुठे वाटलं!"

"दुसरी एखादी उचलायचीस."

"दुसऱ्या एकीनेही मला रडू आलं नाही गं."

"मुलींनो, काय शोधताय?" बाई जवळ आल्या.

तोवर एल्सपेथने तरुणपणी लिहिलेलं आपलं ते एकुलतं एक हिरवं पुस्तक कपाटातून काढून पर्समध्ये सरकवलं होतं.