नायजलची शांत जागा

नॉरफोकच्या किनाऱ्यावर फिश अँड चिप्सच्या दुकानासमोर रांग होती. माझ्या पुढे सत्तरीतलं एक जोडपं उभं होतं.

“आठवडा झाला नायजल, समुद्राच्या पाण्याला पाय लागला नाही माझा!”

“रोज नेतो की समुद्रावर.”

“नेतोस! गाडी समुद्राकडे तोंड करून लावतोस, काचा चढवतोस, थर्मासमधला चहा हातात देतोस नि पेपरात डोकं खुपसतोस.”

“बाहेर वारा असतो, हिलरी.”

“असू दे! मी ब्रायटनला जाऊ म्हणत होते.”

“तिथे काय गोंगाट! पोरं किंचाळतात नुसती. शांत जागा बघायची असं ठरलं होतं ना?”

“तू ठरवलंस! मला विचारलंस?”

“हळू बोल गं, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत! आपला लेक कॉलिन गेला, तेव्हापासून घरात दुसरं आहे काय? शांतताच आहे ना? तीच विकत घ्यायला एवढ्या लांब आणलंस मला?”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

“बांधून देऊ की उघडेच?” दुकानदारानं विचारलं.

“बांधून. गाडीत खातो आम्ही.”

“ह्याचेच बांधा,” हिलरी म्हणाली. “माझे उघडे द्या. तिथे पाण्याजवळ ती पोरं किंचाळताहेत ना, त्यांच्याशेजारी बसून खाणार आहे मी.”