धाकटीच्या दारातून गेलेले ग्राहक

मशिनवाल्या ताई (वाचक याच नावाने ओळखतात), वय एकेचाळीस, धंदा शिलाई मशिनी वापरून पाहून वेबसाइटवर त्यांची माहिती लिहिणे, राहणार बेकरीच्या वरचा मजला. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझा लेख वाचून कोणी मशिनच्या दुकानाच्या साइटवर गेले व खरेदी केली, तर मला कमिशन मिळते. ग्राहक कोणत्या साइटवरून आला, हे दुकानाकडे आपोआप नोंदले जाते. माझी धाकटी जाऊ आमच्याच घरात राहते व बाळांच्या कपड्यांवर लिहिते. दुकानाची लिंक लांबलचक होती, म्हणून तिने मला स्वतःच्या साइटवरून एक सुटसुटीत लिंक करून दिली.

त्यानंतर माझे ग्राहक आटले. धाकटीला मात्र तिच्या साइटवरून खूप ग्राहक आल्याबद्दल दुकानाचा अभिनंदनाचा मेल आला व ती ओट्यापाशी नाचली. मी सुतावरून स्वर्ग गाठला आणि तिने माझे ग्राहक पळवल्याची तक्रार येथे दिली. तिला ठाण्यात बोलावले गेले, तेव्हापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. घरात मीठ मागायचे तरी मुलांमार्फत. मला ते फार जड गेले.

आज सकाळी ती धावतच माझ्या खोलीत आली व म्हणाली, "अहो ताई, झबल्यांवरचं वाचून लोक शिलाई मशिनी का घेतील? मला शंका आली, म्हणून दुकानात फोन केला."

दुकानाच्या तंत्रज्ञाने तिला सांगितले की, ती लिंक दाबल्यावर आधी धाकटीच्या साइटचे एक कोरे पान क्षणभर उघडते व तेच ग्राहकाला पुढे ढकलते. दुकानाला शेवटचे दार, म्हणजे धाकटीची साइट, तेवढे दिसते. पान न उघडता सर्व्हरवरूनच वळवले असते, तर माझ्या साइटचा पत्ता टिकला असता. म्हणजे चोर कोणीच नव्हता. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. कमिशनचे होईल ते होईल, माझी जाऊ मला परत मिळाली याचा आनंद आहे.

धाकटीविरुद्ध माझी तक्रार कधी नव्हतीच, असे लिहा म्हणून मी विनंती केली. साहेब म्हणाले, "बाई, नव्हती कसं लिहू? तुम्हीच दिलीत, मीच लिहून घेतली." बाकावर बसलेली धाकटी म्हणाली, "होती असंच लिहा साहेब. मला म्हातारपणी ताईंना चिडवायला लागेल."

सबब, तक्रार होती, आता नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. धाकटीच्या हसण्यामुळे काही ऐकू न आल्याने दुसऱ्यांदा वाचावा लागला. दोन्ही वेळा खराच निघाला.