कुत्र्याची शेपटी

—नाही नाही, दारात नको उभी राहूस, आत ये, वारं बघ कसलं सुटलंय. कांबळं सोडू नकोस, बाळाच्या डोक्यावरून ओढून घे — हां, अशी. आणि आता काय म्हणालीस ते परत एकदा म्हण. कान शाबूत आहेत माझे, ऐकलं मी, पण तरी म्हण... माझ्या लेकीचं नाव हवंय तुला. तुझ्या मुलीला ठेवायला. बरं. नवऱ्यानं पाठवलं, लेबेकोनं? की सासूनं? नुसती मान नको हलवूस — म्हणजे तुझी तूच आलीस? ओली बाळंतीण, घोड्यावर बसून, ती खिंड चढून? आणि लेबेकोला पत्ता नाही? वाटलंच मला. त्याला ठाऊक असतं तर तोंड लपवत तोच आला असता, सोबत मेंढी घेऊन.

बस. ती शेगडीजवळची जागा घे. आंबील आहे, आंबट ज्वारीची, कालच लावलीय, पी — दूध उतरेल. तुला मी दारातच ओळखलं. कसं म्हणजे? कांबळ्याला ती पितळेची पिन टोचलीयस ना, ती माझ्या लेकीची. मीच दिली होती. नाही गं, काढू नकोस, राहू दे. वस्तू आहे, कुणीतरी वापरायचीच. तिचा नवरा वापरतेस, तिचं घर वापरतेस, तिथं पिनेचं काय घेऊन बसलीस — चुकलं, तसं नाही म्हणायचं मला. पी तू. तुला काय नाव दिलंय त्यांनी? मारेथाबिले? रेथाबिलेची आई. ‘आम्ही आनंदात आहोत’ची आई! बाई बाई. आणि दोन गेली ना तुझी? दोन. ऐकलं होतं मी. डोंगराच्या या बाजूलाही बातम्या येतात. काय रीत आहे बघ आपली, लग्नाच्या दिवशीच सासरचे नाव ठेवून मोकळे होतात, मूल पोटात नसतं आणि आपण त्याची आई झालेलो असतो. मी माकानानेलो. कानानेलोची आई. कानानेलो एकदा दूध प्यायला आणि गेला, नीट रडलासुद्धा नाही, पण आजही झऱ्यावर गेले की, चर्चमध्ये गेले की — माकानानेलो, बरी आहेस ना? माकानानेलो, मीठ आहे का गं? दिवसभर मला माझ्या मेलेल्या पोराच्या नावानं हाका मारतात आणि मी ओ देते. सवय होते. तुलाही होईल. नको व्हायला, पण होईल.

त्याच्यामागून आणखी दोन गेली. ती बघ, त्या भिंतीलगत आहेत तिघंही, जिथं तुझा घोडा उभाय ना, त्याच्या जरा अलीकडे. म्हणून चौथी झाली तेव्हा माझ्या सासूनं मला तिला नीट बघूही दिलं नाही. उचललं, राखेच्या ढिगाजवळ जुनं बकऱ्याचं कातडं होतं त्यावर नेऊन टाकलं आणि मोठ्यानं, शेजारीपाजारी ऐकतील असं म्हणाली — ही कोण? ही तर मोसेलान्त्जा! कुत्र्याची शेपटी! कुणाला हवीय? शेजारणींनीही सुरात सूर मिळवला, आम्हाला नको बाई, टाका तिकडे. मी आत पडून रडतेय आणि बाहेर सगळ्या माझ्या पोरीला हिडीसफिडीस करतायत. का, ते कळतंय ना तुला? मरण दाराशी येतं, वाकून बघतं, नाव विचारतं. कृपा म्हटलं की उचलतं, आनंद म्हटलं की उचलतं. कुत्र्याची शेपटी म्हटलं की नाक मुरडून पुढच्या घरी जातं. सासूची सक्त ताकीद होती — लाड नाही, नवं कापड नाही, उजेडात मुका घ्यायचा नाही. मग मी अंधारात घ्यायचे. शेगडी विझली की. कपाळावर, तळपायांवर, कुठे कुठे. मरणाला दिसू नये म्हणून तोंड कांबळ्यात खुपसून.

आणि जगली की गं! दात आले, चालली, गोवर आला नि गेला, आणि ही आपली टुणटुणीत. मग काय, खोऱ्यातल्या बाया यायला लागल्या. ज्यांची ज्यांची पोरं दगावत होती त्या सगळ्या. तुझ्यासारख्याच, बाळ कांबळ्यात गुंडाळून, खाली मान घालून — माकानानेलो, ते नाव आम्ही घेऊ का? मी म्हणायचे, घ्या, माझं थोडंच आहे, सासूच्याही सासूच्या काळापासूनचं आहे. एक वेळ अशी होती की चर्चच्या अंगणात उभं राहून ‘मोसेलान्त्जा’ म्हणून हाक मारली की ढिगानं पोरी धावत यायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. आता शोधून सापडणार नाही तुला. शाळा आली, रेडिओ आला. नोंदणीच्या कचेरीत तो कारकून हसतो म्हणे नाव ऐकून. पलीकडच्या घरातली मोसेलान्त्जा आता ग्लोरिया झालीय, कापडाच्या कारखान्यात असते, जुन्या नावानं हाक मारली तर फोन ठेवते. तिची चूक नाही. शाळेत पोरं भुंकायची गं यांच्यामागे. माझीही यायची घरी डोळे लाल करून, म्हणायची, आई, जगात इतकी फुलं आहेत, एकाचंही नाव सुचलं नाही तुम्हाला?

लेबेकोही भुंकलाच होता. सांगितलं नसेल त्यानं. लोकर कातरायच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर. तिनं कातरीच्या मुठीनं असा ठोसा दिला त्याला की ओठ फाटला. तिथून सुरू झालं त्यांचं. बघ, हसलीस — हस, हस. ती खूण आहे अजून, नाही का, खालच्या ओठावर? मला वाटायचंच, ती कुठे जायचीय.

लग्न झालं आणि तिकडच्यांनी नाव दिलं मालिनेओ. लिनेओची आई. किती खूष होती! मला म्हणाली, आई, सुटले, आता मी माणसांत आले. मी म्हटलं, बाई गं, ते जुनं टाकू नकोस, आपल्याजवळ असू दे, सासूला तरी सांगून ठेव. तर तोंडावर हात दाबून हसायला लागली, म्हणे, वेडी आहेस का? तिकडे कुणाला कळता कामा नये हं! लेबेकोकडून शपथ घेतलीय. आणि त्यानं पाळली शपथ. पाळायला नको होती कधी नव्हे ती.

तो खाणीवर होता तेव्हा. तिचे दिवस भरत आले आणि बर्फ लागलं. तसलं बर्फ मी परत नाही बघितलं. खिंड दिसेना, गाडी नाही, घोडा नाही, फोन मेलेला. मी इथं गाठोडं बांधून बसलेली, जुनी कापडं, लोणी, सगळं — रोज बाहेर जायचे, खिंडीकडे बघायचे, आत यायचे. माझ्या पोटात कळ आली एका दुपारी, खोटं नाही सांगत. वितळलं तेव्हा निघाले. पोचले तर लोक माती देऊन परतत होते. दोघींनाही. मुलगी होती.

मग तुझी सासू माझ्याजवळ बसली. भली बाई आहे, वाईट नाही म्हणणार मी तिला, माझे पाय धुतले तिनं. रडत रडत सगळं सांगत होती, किती वेळ अडली, काय काय केलं. आणि म्हणाली, शेवटी शेवटी बिचारी कुत्र्याला घाबरायला लागली. सारखी ‘कुत्र्याची शेपटी, कुत्र्याची शेपटी’ म्हणायची. छातीवर हात आपटून आपटून. आमचा म्हातारा कुत्रा कोपऱ्यात पडलेला असतो, त्याच्याकडे बघून वाटलं हिला भीती वाटतेय, म्हणून हाकलला त्याला बाहेर बर्फात. तरी थांबेना. मग आम्ही सगळ्या समजावत राहिलो — मालिनेओ, गेला गं कुत्रा, मालिनेओ, नाहीये तो इथं...

तुलाही सांगितलंय ना तिनं हे? सांगितलंय. बघ. सगळ्यांना सांगते ती, तिच्या दृष्टीनं ती एक माया आहे, की आम्ही तिच्यासाठी कुत्रासुद्धा घालवला.

ती नाव सांगत होती गं स्वतःचं. मला या नावानं हाक मारा, म्हणत होती. मोठ्यानं मारा. दाराशी आलेल्याला ऐकू जाऊ दे. आणि त्या साऱ्याजणी मायेनं, जीव तोडून, दुसऱ्याच नावानं हाका मारत होत्या.

—हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लेबेकोलाही नाही. तुझ्या सासूलाही नाही, काय करेल म्हातारी ऐकून? तूही नको सांगूस. तुला तरी का सांगितलं देव जाणे, तू आंबील प्यायला बसलीस आणि मी...

दे. दे इकडे तिला. मान धर, हां, सोड आता, मला येतं. अगं, ही तर चांगली उबदार आहे. कपाळ बापाचं. काय बघतेस गं? काय बघतेस, घाणेरडे? कोण आहेस तू? कुणाला हवीयस? कुणालाच नकोय ही, टाका हिला राखेत — मोसेलान्त्जा. ऐकलंस? मोसेलान्त्जा. ओ दे बघू.

घे. घे गं लवकर.

ने ते नाव. पण एक करायचं. घरी गेलीस की लपवायचं नाही. सासूला सांग, दिराला सांग, शाळेतल्या मास्तरांना, झऱ्यावरच्या बायांना. लग्न होऊन जाईल तिथंही जाऊन सांग, लाज वाटली तरी, तिनं पाय आपटले तरी. जिथं असेल तिथं एक तरी माणूस हवं जवळ, तिला या नावानं हाक मारणारं. समजलं?

मग ऊठ. ढग उतरायला लागलेत खिंडीत. ती पिन नीट लाव, सुटेल वाऱ्यानं. नाही, रडायचं नाही, वाटेत रड काय रडायचं ते. आणि आभार नकोत. परत आणू नकोस तिला इकडे, मोठी होईपर्यंत तरी नको. जा. दार ओढून घे जाताना.